सिस्टरांचा मतदारसंघ

आधीच सांगून टाकतो: या सिस्टर माझ्या कल्पनेतल्या. त्यांचं बेट मात्र खरं आहे, बेटाभोवतीचा समुद्र खरा आहे, आणि त्यांच्या जातकुळीच्या बायका जगातल्या झाडून साऱ्या लहान बेटांवर असणार. तेव्हा उद्या कुणी "ही तर आमचीच" म्हणून अंगावर आलं तर मी तरी काय करणार?

बेटाचं नाव न्युए. न्यूझीलंडच्या ईशान्येला साधारण २,४०० किलोमीटरवर, टोंगा, सामोआ आणि कुक बेटं यांच्या मधोमध समुद्रातून वर आलेला चुनखडीचा एक पत्थर. क्षेत्रफळ २६० चौरस किलोमीटर. नदी नाही, ओढा नाही, वाळूचा किनाराही नावापुरताच. तिथले लोक कौतुकानं त्याला 'खडक' म्हणतात. १७७४ साली कॅप्टन कुकनं इथं उतरायचा तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा लोकांनी त्याला पिटाळून लावलं. कुकनं मग चिडून नकाशावर 'रानटी बेट' असं नाव लिहून टाकलं. बाहेरचा माणूस पाय लावून जातो आणि मागे रोग ठेवून जातो, अशी न्युएकरांची जुनी धास्ती होती. हा किस्सा निघाला की आमच्या सिस्टर गंभीरपणे मान डोलावतात. "बरोबरच केलं. लस टोचल्याचा कागद दाखवल्याशिवाय आत कसं घेणार?"

लोकसंख्या १,७०० च्या आसपास. १९६६ साली ती ५,००० च्या वर होती. मग विमानतळ झाला आणि माणसं ऑकलंडला गेली ती गेलीच. १९७४ साली न्युए स्वयंशासित झालं तेव्हाच ठरलं, की कारभार आपला आपण बघायचा, पण नागरिकत्व न्यूझीलंडचं ठेवायचं. त्यामुळे आज ३०,००० हून जास्त न्युएकर न्यूझीलंडमध्ये आणि बेटावर ही मूठभर. एवढ्यांवर राज्य करायला विधिमंडळ आहे वीस सदस्यांचं: चौदा गावांचे चौदा आणि साऱ्या बेटानं मिळून निवडलेले सहा. भागाकार करून पाहा. पंच्याऐंशी माणसांमागे एक आमदार. आपल्याकडे एवढ्या माणसांना मिळून सोसायटीचा एक सेक्रेटरी असतो, आणि तो समोरून आला की लोक जिना बदलतात.

त्या चौदांपैकी एका गावाच्या आमदार म्हणजे सिस्टर. गावाचं नाव सांगत नाही. लहान गाव आहे, एवढं पुरे. मतदारयादी एका पानात बसते आणि खाली सही-शिक्क्याला जागा उरते.

फिजीत सुव्याला शिकून आल्यावर सिस्टरांनी एकतीस वर्षं न्युएच्या रुग्णालयात काढली. या काळात बेटावर जन्मलेल्या बहुतेक पोरांना उलटं धरून पहिली चापट त्यांनीच मारली आणि त्यानंतरची सुईही त्यांनीच टोचली. म्हणजे मतदारसंघाशी त्यांची ओळख पार कमरेच्या खालपासूनची. माणूस पुढे पोलीस होऊ दे, पाद्री होऊ दे नाहीतर मंत्री. रस्त्यात सिस्टर दिसल्या की त्याचा हात आपोआप मागच्या खिशाकडे जातो. पाकीट चाचपायला नव्हे.

त्यांचा प्रचार बघण्यासारखा असतो. बाकीचे उमेदवार दारोदार हात हलवत हिंडतात. तसा न्युएत एरवीही समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात हलवायचा रिवाजच आहे, त्यामुळे प्रचार कधी सुरू झाला नि कधी थांबला हे नुसतं बघून कळत नाही. सिस्टर हात हलवत नाहीत, समोरच्याचा हात धरतात. मनगटावर तीन बोटं, नजर स्वतःच्या घड्याळावर, तीस सेकंद तोंडातून अक्षर नाही. मतदारांची नाडी ओळखणं हा वाक्प्रचार आपल्याकडे वापरून वापरून गुळगुळीत झाला; सिस्टर तो अक्षरशः पाळतात. पिशवीत पत्रकं नसतात, रक्तदाबाचं यंत्र असतं. मतदार म्हणतो, "या वेळी रस्त्याचं बघा हं सिस्टर." सिस्टर म्हणतात, "दंड उघडा." यंत्र फुसफुसतं, पट्टा आवळतो, आकडा येतो. मग रस्त्याचा विषय तिथेच राहतो आणि मिठाचा निघतो.

न्युएत घरासमोर, रस्त्याच्या कडेलाच पूर्वजांची थडगी असतात, फुलं वाहिलेली, पांढरी धुतलेली. सिस्टर तिथेही क्षणभर थांबतात. तेही त्यांचेच पेशंट. एकदा एका थडग्यापुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. घरातली म्हातारी गहिवरली, जवळ आली. सिस्टर म्हणाल्या, "यांना मी शेवटपर्यंत सांगत होते, गोळी सकाळी घ्या. हे रात्रीच घ्यायचे." एवढं बोलून पुढच्या घरी.

पक्ष नाही. त्यांनाच नाही असं नव्हे, बेटावरच नाही. होता एक, तो २००३ साली विसर्जित झाला. तेव्हापासून सगळे अपक्ष. सगळेच अपक्ष म्हटल्यावर पक्षांतर करायचं कुठून कुठे? महाराष्ट्रातल्या वाचकाला या गोष्टीची कल्पना करायला जरा वेळ लागेल, म्हणून इथे थांबतो. झाला वेळ? तर निवडणूक झाली की वीस जण एकत्र बसतात आणि आपल्यातला एक प्रमुख निवडतात. २०२० साली डाल्टन टागेलागी निवडून आले ते तेरा विरुद्ध सात मतांनी. तेरा माणसं हातात आली की देश हातात आला. सिस्टरांच्या हिशेबानं तेरा म्हणजे एक वॉर्ड, आणि एका वॉर्डाला रात्रपाळीची एक नर्स पुरते.

राजकारणात येण्याचं कारण? एक फ्रिज. लसी ठेवायचा फ्रिज. त्याच्या दाराचं रबर गेलं होतं. सिस्टरांनी अर्ज केला. दोन महिन्यांनी आठवण केली. मग आठवणीची आठवण केली. दाराला त्यांनी चार इंची बँडेज गुंडाळलं आणि रोज सकाळी सोडायचं, संध्याकाळी बांधायचं, असं जखमेसारखं ते दार सांभाळलं. दर वेळी कचेरीतून एकच उत्तर: "कागद वर गेलाय." न्युएत 'वर' म्हणजे फार लांब नाही, सर्वांत उंच जागा समुद्रापासून सत्तर मीटरच्या आत आहे. सिस्टरांनी विचारलं, वर म्हणजे कुठे? उत्तर मिळालं, विधिमंडळात. मग त्यांनी विचार केला, की कागद जिथे जाऊन पडतो तिथे आपणच जाऊन बसलेलं बरं. पुढच्या निवडणुकीत उभ्या राहिल्या. समोरच्या उमेदवारानं परिस्थितीचा अभ्यास केला, म्हणजे आपला स्वतःचा केस पेपर आठवून पाहिला आणि अर्ज मागे घेतला. सिस्टर बिनविरोध.

आत गेल्यावर त्यांना कागद सापडला. तो एका फायलीत होता, फाइल एका खणात होती, आणि खणाचं रबरही गेलं होतं म्हणतात, पण हे मला पटत नाही. खणाला रबर नसतं. मुद्दा असा की पुढचं उत्तर वेलिंग्टनहून यायचं होतं, कारण बेटाचा बराचसा खर्च न्यूझीलंडच्या मदतीतून चालतो. आणि वेलिंग्टनशी बोलणं ही सोपी गोष्ट नाही. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. घड्याळ जवळपास सारखंच, वार मात्र एक मागे. ऑकलंडहून शनिवारी विमानात बसलात की तीन-साडेतीन तासांनी न्युएला उतरता ते शुक्रवारी. पर्यटकांना याची फार मौज वाटते. सिस्टरांना नाही. त्यांचं म्हणणं, तिकडे सोमवार उजाडतो तेव्हा इकडे रविवार असतो, आणि न्युएत रविवारी देवाशिवाय कुणाशी बोलत नाहीत. मासे धरायलासुद्धा जात नाहीत. इकडे शुक्रवारी माणूस कामाला बसतो तेव्हा तिकडे शनिवार लागलेला, कचेरीला कुलूप. म्हणजे आठवड्याला दोन्ही सरकारं एकमेकांना जागी सापडतात ती फक्त चार दिवस. "आणि त्यातला एक," सिस्टर म्हणतात, "हा तुमचा कुठला वार, आमचा कुठला, हे ठरवण्यात जातो."

फ्रिज आला. ऑकलंडच्या मालवाहू बोटीतून आला. न्युएला बंदर असं नाही. बोट बाहेर उभी राहते, माल तराफ्यावर उतरतो आणि धक्क्यावरची क्रेन तो उचलून वर घेते. सिस्टर धक्क्यावर उभ्या होत्या. क्रेनच्या दोरीला लटकून तो पांढरा फ्रिज हवेत वर आला तेव्हा त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला, असं पाहणारे सांगतात. सिस्टर सांगतात, ऊन होतं. फ्रिज खोलीत नेऊन बसवला. दार भिंतीकडे उघडत होतं. त्या दिवशी सिस्टरांनी राजकारणाचं सार ओळखलं आणि दुसऱ्यांदा उभं राहायचं ठरवलं.

सभागृहात त्या वॉर्डात बसल्यासारख्या बसतात: पाठ ताठ, पेन खिशाला, लक्ष सगळ्यांच्या चेहऱ्यांवर. विधेयक हातात आलं की पहिल्यांदा तारीख बघतात, मुदत संपलीय का म्हणून. मग मात्रा. कुठल्या कलमाचा दंड किती, कुणाला, दिवसातून किती वेळा. मोठमोठ्या सुधारणांवर त्यांचा विश्वास नाही. "ऑपरेशन करणारे येतात, करतात आणि पुढच्या विमानानं परत जातात," असं त्या एकदा भाषणात म्हणाल्या होत्या, "त्यानंतरचे टाके कोण बघतं?" परदेशी सल्लागारांचं एक शिष्टमंडळ गॅलरीत बसलं होतं. त्यांनी हे वाक्य टिपून घेतलं आणि अहवालात 'क्षमतावृद्धीची गरज' या मथळ्याखाली घातलं.

अर्थसंकल्पाचं त्यांना कळत नाही, असं विरोधक म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. न्युएच्या नावानं निघणाऱ्या नाण्यांवर २००१ साली पिकाचू आला, पुढे 'स्टार वॉर्स'ची मंडळी आली. संग्राहक ती विकत घेतात आणि त्यातून देशाला थोडं उत्पन्न मिळतं. या बाबीवर चर्चा चालली असताना सिस्टरांनी एकच प्रश्न विचारला होता: पिकाचूच्या नाण्यातून इन्सुलिनच्या किती कुप्या येतात? अर्थखात्याकडे आकडा तयार नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं, 'पेशंट उत्तर देत नाही', आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारलं. पुढच्यातही. चौथ्या वेळी आकडा आला. औषध चारदा दिल्याशिवाय लागू पडत नाही, हे त्यांना ठाऊकच असतं.

पण सिस्टरांची खरी ताकद या कशातच नाही. ती आहे त्यांच्या न बोलण्यात.

सतराशे माणसांच्या बेटावर गुपित नावाची वस्तू टिकत नाही. कुणाच्या घरी काय शिजलं हे वासावरून कळतं, कुणाची गाडी कुणाच्या दाराशी उभी होती हे संध्याकाळपर्यंत चौदाही गावांना कळतं. तिथे एकतीस वर्षं रुग्णालयात काढलेल्या बाईच्या डोक्यात काय काय साठलं असेल! सुईचं नाव काढताच कोण घेरी येऊन पडला होता. कोण कुठल्या दुखण्यासाठी गुपचूप ऑकलंडला गेला आणि 'बहिणीकडे' म्हणून सांगत राहिला. लग्नाची तारीख आणि पहिलटकरणीची तारीख यांची वजाबाकी तर बेटावर फक्त त्यांनाच येते. यातलं एक अक्षर आजवर बाहेर पडलेलं नाही. आणि लोकांना धाक वाटतो तो नेमका याचाच. जो बोलतो त्याच्याकडे किती आहे हे कळून चुकतं. सिस्टरांच्या कोठाराचं दारच कुणी उघडलेलं पाहिलं नाही, तेव्हा आत किती माल आहे याचा अंदाज ज्यानं त्यानं आपापल्या पापांवरून बांधायचा.

एकदा एक ज्येष्ठ सदस्य फारच पेटले. आवाज चढला, बोट सिस्टरांच्या दिशेनं आलं. "माननीय सदस्यांनी आयुष्यभर बेडपॅन उचलले, त्यांना परराष्ट्र धोरणातलं काय कळतं?"

सिस्टर उठल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि त्यावरून पाहिलं.

"काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "माननीय सदस्यांचा गुडघा कसा आहे आता?"

ज्येष्ठ सदस्य खाली बसले. परराष्ट्र धोरण एकमतानं मंजूर झालं. इतरांना वाटलं, काय प्रेमळ बाई, भांडणातसुद्धा चौकशी करते. गुडघा हा गुडघा नव्हता, हे त्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं.

त्यांचा जन्माचा शत्रू मात्र सभागृहात बसत नाही. तो बादलीत असतो. पोवी मासिमा, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेलं गोमांस. साऱ्या पॉलिनेशियाप्रमाणे न्युएतही हा आयात जिन्नस अळूइतकाच घरचा झाला आणि त्याच्या मागोमाग रक्तदाब आला, मधुमेह आला, अंगठ्याच्या सांध्यात आग लावणारा गाऊट आला. सिस्टरांच्या मते देशाचे दोन इतिहास आहेत: बादलीपूर्व आणि बादलीउत्तर. अळू, पपई आणि नारळाचं दूध थरावर थर लावून भाजलेली 'ताकिही' असताना माणूस बादलीत हात का घालतो, हा प्रश्न त्या गावच्या जत्रेत लाउडस्पीकरवरून विचारतात. लोक टाळ्या वाजवतात आणि रांगेत परत जाऊन उभे राहतात. रांग बादलीची.

पंचाईत अशी, की समारंभाचं पहिलं बोलावणं सिस्टरांनाच. न्युएत मुलग्याचे केस वर्षानुवर्षं वाढू देतात आणि तो मोठा झाला की गोतावळा जमवून कापतात. एकेका पाहुण्यानं एकेक बट कापायची आणि पैसे ठेवायचे. मुलीचे कान टोचतात, तोही असाच थाटाचा सोहळा. आपल्या जावळाची नि कर्णवेधाची आठवण यावी इतकं ते ओळखीचं वाटतं. फरक इतकाच की आपल्याकडे पोर रडतं आणि तिकडे खर्च बघून बाप. सिस्टर बट कापतात, पाकीट ठेवतात आणि कातर आधी उकळली होती का विचारतात. मग जेवणाच्या मांडवात एका कडेला बसून कोण किती वेळा उठून वाढून घेतं हे मोजतात. या मोजणीचा उपयोग सोमवारी होतो. सोमवारी ज्यांना सिस्टर रस्त्यात गाठतात, ते सगळे तिसऱ्यांदा उठलेले असतात.

रविवारी चर्चमध्ये पांढरी टोपी घालून त्या मागच्या बाकावर असतात. पुढे जागा असते, मान असतो, तरी मागेच. पाद्रीबाबांना वाटतं ही नम्रता. मागून खोकला मोजायला सोपा जातो, एवढंच त्याचं कारण.

जानेवारी २००४ बद्दल मात्र त्या बोलत नाहीत. हेटा नावाचं चक्रीवादळ आलं तेव्हा राजधानी अलोफीच्या वीस-पंचवीस मीटर उंच कड्यावरून लाटा आत आल्या. घरं गेली, संग्रहालय गेलं, रुग्णालय गेलं. एक नर्स आणि तिचं लहानगं मूलही गेलं. दोन वर्षांनी नवं रुग्णालय उभं राहिलं ते समुद्रापासून मागे, वरच्या सपाटीवर. त्या वाटेनं जाताना सिस्टर एरवीसारखा गाड्यांना हात करत नाहीत. लोकही त्या वेळी त्यांना हाक मारत नाहीत.

अशा बायकांना राजकारण जमतं तरी कसं, असं मला पूर्वी वाटायचं. मग नीटा बॅरो यांची गोष्ट वाचली. त्या काही कल्पनेतल्या नव्हेत. बार्बाडोसच्या, शिक्षणानं नर्स आणि सुईण, जमैकातल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या मेट्रन. भाऊ एरल बॅरो देशाचा पहिला पंतप्रधान, पण बाईंनी आपली वाट वॉर्डातूनच काढली. १९८६ साली राष्ट्रकुलानं वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत एक शिष्टमंडळ पाठवलं, त्यात त्या एकट्याच बाई. सरकारी पहाऱ्यात जे दाखवतील तेवढंच बघणं या बाईंना मानवणारं नव्हतं. सांगतात की डोक्याला फडकं गुंडाळून, तिथल्याच एखाद्या बाईसारखा वेष करून त्या अलेक्झांड्रा या काळ्या लोकांच्या वस्तीत जाऊन आल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांत राजदूत झाल्या आणि १९९० पासून १९९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत बार्बाडोसच्या गव्हर्नर-जनरल होत्या. त्या वस्तीच्या फेरीत मला राजकारण दिसत नाही, रात्रपाळीची सवय दिसते: दिवसा साहेबांबरोबर राउंड घ्यायचा असतो, पण पेशंट खरं काय ते रात्री एकटं गाठल्यावर सांगतो.

करोनात सिस्टरांचे दिवस आले. मार्च २०२० मध्ये न्युएनं दारं लावून घेतली. कुकला जे जमलं नव्हतं ते विषाणूलाही बराच काळ जमलं नाही. २०२१ च्या जून महिन्यात न्यूझीलंडहून लस आली आणि थोड्याच दिवसांत बारा वर्षांवरचे जवळजवळ सारे न्युएकर टोचून झाले. जगभर मंत्री कॅमेऱ्यासमोर बाही वर करून लस घेत होते. सिस्टर या बहुधा सुई धरलेल्या एकमेव आमदार असतील. निवृत्त झाल्या होत्या, कुणी बोलावलं नव्हतं, तरी ॲप्रन चढवून टेबलाशी जाऊन बसल्या. समोर तेच गुडघेवाले ज्येष्ठ सदस्य आले. "दुखेल का?" त्यांनी हळूच विचारलं. "परराष्ट्र धोरणापेक्षा कमी," सिस्टर म्हणाल्या, आणि ते हसेपर्यंत कापूस दाबून मोकळ्या झाल्या.

आता एवढं कौतुक केलं म्हणून त्यांचे दोष झाकायचे कारण नाही. बाई हुकूमशहा आहेत. पेशंटला मत नसतं, असतं ते फक्त तापमान, ही त्यांची मूळ श्रद्धा आणि लोकशाहीत ती जरा अडचणीची ठरते. कुणी तक्रार घेऊन आलं तर ती ऐकण्याआधी "किती दिवसांपासून?" विचारतात. शाळेच्या गळक्या छपराबद्दल आलेल्या मास्तरांना त्यांनी "जेवणाआधी गळतं की नंतर?" असं विचारल्याचं मी ऐकून आहे. समितीची बैठक रात्री आठच्या पुढे गेली की स्वतः उठून दिवे मालवतात. भेटीची वेळ संपली. हाताखालच्या माणसावर काम सोपवत नाहीत. सोपवलं तर मागून जाऊन चादरीची घडी तपासावी तसं तपासतात. तरुण मंडळी म्हणतात, सिस्टर बाजूला झाल्या तर नव्या लोकांना वाव मिळेल. सिस्टर म्हणतात, जरूर. आधी नवे लोक ऑकलंडच्या विमानातून उतरू देत. इथे दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

गेल्या निवडणुकीत त्यांच्या समोर चक्क उमेदवार उभा राहिला. ऑकलंडहून परतलेला पोरगा, शिकलेला, लॅपटॉपवाला. त्याला पहिली सुई सिस्टरांनीच टोचली होती, पण तेव्हा तो तीन महिन्यांचा असल्यानं धाक उरला नव्हता. मतमोजणी झाली. यादी एका पानाची, त्यामुळे चहा निवायच्या आत झाली. सिस्टर एका मतानं आल्या.

मतदान गुप्त असतं. पण त्या गावात आपल्याला कुणी कुणी मत दिलं नाही हे सिस्टरांनी रात्री झोपण्यापूर्वी बोटांवर मोजलं. सगळी नावं जुळत होती, एक सोडून. ते नाव होतं शेजारच्या आजोबांचं. मधुमेहाचे पेशंट, पायाला जखम, जी सिस्टर आमदार असूनही गेले चार महिने रोज सकाळी स्वतः धुऊन बांधत होत्या. आदल्या दिवशी मतदान केंद्राबाहेर आजोबांनी त्यांना पाहून फार मोठ्यानं हात हलवला होता. एवढ्या मोठ्यानं हात निष्पाप माणूस हलवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सिस्टर नेहमीप्रमाणे पेटी घेऊन त्यांच्या पडवीत आल्या. आजोबा खुर्चीत सावरून बसले. पाय स्टुलावर. सिस्टरांनी जुनी पट्टी सोडली, जखम पाहिली, वास घेतला, समाधानानं हुंकार दिला. नवा कापूस काढला. औषधाची बाटली उघडली. आजोबांचं लक्ष बाटलीवर.

"सिस्टर," ते म्हणाले, "कालचं म्हणाल तर... पोरगा माझ्या मेव्हणीच्या नात्यातला पडतो, पण देवाशपथ, मी आपला..."

"आ करा," सिस्टर म्हणाल्या.

आजोबांनी आ केला. सिस्टरांनी थर्मामीटर त्यांच्या जिभेखाली सारला, हनुवटीला खालून बोट लावून तोंड मिटलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या.